तान्ह्याची जाग

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांना या गावात कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या सगळ्यांच्या सिस्टरबाई. व्याख्यानाच्या फलकावरही तेवढंच असावं असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मीही तेवढंच म्हणते. मी बालरोगतज्ज्ञ होऊन इथे आले तेव्हा माझ्याकडे नवी कोरी पदवी होती आणि त्यांच्यामागे वीस वर्षांच्या रात्रपाळ्या होत्या.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. एक बाळ चार दिवसांचं झालं होतं आणि घरी जायचं होतं. आजी कौतुकाने सांगत होती, "फार गुणी आहे हो. रडणं नाही, किरकिर नाही, दुधालासुद्धा उठत नाही." मी कागदांवर सही करण्याच्या बेतात होते. सिस्टरबाईंनी बाळाला खिडकीपाशी उजेडात नेलं, नाकाचा शेंडा बोटाने हलकेच दाबून पाहिला, तळपायाला टिचकी मारली. बाळाने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, चार दिवसांचं पोर दुधाला उठत नसेल तर ते गुणी नसतं, आजारी असतं." कावीळ बरीच चढली होती. दोन दिवस निळ्या उजेडाखाली ठेवल्यावर ते बाळ रात्री दर दोन तासांनी टाहो फोडायला लागलं. तेव्हा कुठे सिस्टरबाई निर्धास्त झाल्या.

आज मी जे बोलणार आहे ते सगळं त्या एका वाक्याच्या आधाराने. आपल्याकडे बाळ बघायला आलेला प्रत्येक माणूस झबलं-टोपडं हातात देता देता विचारतो, "रात्री झोपतं का? त्रास देत नाही ना?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. पण ऐकणारी बाळंतीण तीन रात्री सलग झोपलेली नसते, आणि त्या प्रश्नाने तिला वाटतं की आपल्या बाळात काहीतरी कमी आहे, किंवा आपल्या दुधात, किंवा आपल्यातच. माझ्या दवाखान्यात या एका प्रश्नावरून जितक्या आया रडल्या, तितक्या बाळाच्या तापावरून रडल्या नाहीत. म्हणून मला हे जाहीरपणे सांगायचं आहे: तान्ह्या बाळाला रात्री जाग येते तो त्याचा दोष नव्हे. ती जाग त्याची राखण करते. आणि ही जाग मोडून काढायचे जे उपाय माणसांनी शोधले, त्यांतल्या काहींची किंमत बाळांनी जिवाने मोजली आहे.

आधी बाळ झोपेत काय करतं ते पाहू. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याच्या झोपेतला जवळजवळ अर्धा वेळ एका वेगळ्या अवस्थेत जातो. तिला आम्ही सक्रिय झोप म्हणतो. मोठ्या माणसाची स्वप्नं पडण्याची जी झोप, तिचंच हे बालरूप. मोठेपणी तिचा वाटा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त एवढाच उरतो. या झोपेचा शोधही बाळांपासूनच सुरू झाला. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपलेल्या बाळांच्या पापण्या तासन् तास पाहत बसे. तिथून निघालेल्या वाटेवर १९५३ साली त्याने आणि त्याचे गुरू नथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भरभर फिरण्याची अवस्था जगापुढे मांडली.

सक्रिय झोपेत बाळ ओठ चोखतं, कण्हतं, चेहरा वेडावाकडा करतं, हसतं, मुसमुसतं, हातपाय झटकतं. श्वास कधी भरभर तर कधी संथ चालतो, मध्येच दोनचार सेकंद थांबल्यासारखा होतो. नव्या आईबापांना वाटतं, बाळ उठलं, नाहीतर पोटात दुखतंय. ते त्याला उचलतात, आणि तोवर झोपेत असलेलं बाळ खरोखरच जागं होतं.

आपल्या आज्या म्हणतात, सटवाई हसवते, सटवाई रडवते. जिने सहाव्या रात्री येऊन कपाळावर भविष्य लिहिलं, तीच झोपेत बाळाला खेळवते. या समजुतीवर मी कधी रागावले नाही. ती आजीकडून एक नेमकं काम करून घेते: झोपेत हसणाऱ्या-मुसमुसणाऱ्या बाळाला न उचलता ती नुसती बघत बसते. मिनिटभर थांबावं, डोळे उघडतात का, रडणं वाढत जातं का ते पाहावं, एवढंच मी सांगते, आणि आजीचं सांगणं याहून वेगळं नव्हतं.

हातापायांच्या त्या बारीक झटक्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं. बाळ घाबरून दचकतं असं समजून काही घरांत उशाशी सुरी, विळा किंवा अडकित्ता ठेवतात. ती धारदार वस्तू आधी तिथून उचला. आयोवा विद्यापीठातल्या मार्क ब्लुम्बर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं केलेल्या कामातून दिसलं की झोपेतल्या अशा प्रत्येक झटक्याची वर्दी मेंदूकडे जाते, आणि हा हात, हा पाय, ही बोटं अशी आपल्याच शरीराची ओळख मेंदूत बसत जाते. माणसाच्या बाळांचेही झटके त्यांनी याच नजरेने अभ्यासले आहेत. आपल्याला चुळबुळ दिसते, आत शिकणं चालू असतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मोठा माणूस झोपतो तेव्हा आधी गाढ झोपेत शिरतो. पहिल्या दोनतीन महिन्यांतलं बाळ उलट सक्रिय झोपेतून आत जातं. म्हणून मांडीवर डोळे मिटले की लगेच पाळण्यात ठेवलेलं बाळ ठेवताक्षणी उठतं, आणि घरात निष्कर्ष निघतो, "याला मांडीची सवय लागली." पंधरा-वीस मिनिटं थांबून पाहा. श्वास एका लयीत येतो, मूठ सुटते, उचललेला हात सोडला की लोळागोळा खाली पडतो. मग ठेवा.

"बाळाने दिवस-रात्र उलटी केली आहे," ही दुसरी तक्रार. त्याने काही उलटं केलेलं नसतं. दिवस आणि रात्र ही जोडीच त्याला अजून भेटलेली नसते. पोटात असताना रात्रीची खबर आईच्या मेलाटोनिनमधून मिळत होती. नाळ कापली की ती बंद झाली. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री चढायला आणि दिवसा उतरायला दोन ते तीन महिने लागतात. मधल्या काळात निसर्गाने एक सोय केली आहे. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. मध्यरात्री अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधातूनच रात्र कळते. आपण सकाळी खिडक्या उघडाव्यात, दिवसा घरातले आवाज चालू द्यावेत, रात्री दिवा मंद ठेवून कमी बोलावं. त्याहून जास्त घाई करून उपयोग नाही.

आता "रात्रभर झोपणं" या शब्दांकडे येते, कारण सगळा त्रास या शब्दांत आहे. लंडनमध्ये मूर आणि अको या दोन संशोधकांनी १९५७ साली दीडशेहून अधिक बाळांच्या रात्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रात्रभर झोपणं म्हणजे काय, तर त्यांनी मध्यरात्र ते पहाटे पाच एवढंच धरलं. फक्त पाच तास. ती कसोटी लावून तिसऱ्या महिन्यापर्यंत सुमारे ७० टक्के बाळं उत्तीर्ण झाली. पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. नीट झोपायला लागलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी बाळं पहिल्या वर्षातच पुन्हा उठायला लागली, आणि दहातलं एक बाळ वर्षभरात नीट झोपलंच नाही. "चौथ्या महिन्यात छान झोपायचं हो, आता काय झालं कुणास ठाऊक, दृष्ट लागली," असं सांगत माझ्याकडे आलेल्या आयांना मी हाच अभ्यास सांगते. बाळ पालथं पडायला शिकतं, सरकायला शिकतं, आई खोलीतून गेली हे त्याला कळू लागतं, आणि हे सगळं रात्रीही चालू राहतं.

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत थॉमस अँडर्स यांनी बाळांच्या घरी कॅमेरे लावून रात्रभराचं चित्रण केलं. आईबाप शपथेवर सांगत होते की आमचं बाळ रात्रभर झोपतं. कॅमेऱ्यात तेच बाळ दोनतीनदा उठलेलं दिसत होतं. ते इकडेतिकडे बघायचं, मूठ चोखायचं आणि पुन्हा झोपी जायचं. उठणारी बाळं आणि न उठणारी बाळं असे दोन वर्ग नसतातच. उठतात सगळीच, काही हाक मारतात, काही मारत नाहीत. बाळाची झोप तासाभराच्या फेऱ्यांनी चालते, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ते जागेच्या काठावर येतं.

कॅनडातला २०१८ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही २८ टक्के तशीच होती. आणि जी झोपत नव्हती त्यांची बुद्धी, त्यांच्या हालचाली यांत काही उणं आढळलं नाही. तीनांतलं एक बाळ जर असं असेल, तर बिघडलेलं काय म्हणायचं?

"पोट भरत नसेल," हा आपला पुढचा तर्क. मग उष्टावणाच्या आधीच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाचणीसत्त्व, भाताची पेज किंवा बाटलीत घट्ट केलेलं वरचं दूध सुरू होतं. अमेरिकेत १९८९ साली शंभरावर बाळांवर याची सरळ परीक्षा झाली. निम्म्यांना पाचव्या आठवड्यापासून झोपण्याआधी तांदळाचं सत्त्व दिलं, निम्म्यांना चौथ्या महिन्यापर्यंत दिलं नाही. रात्रीच्या झोपेत फरक पडला नाही. अलीकडे इंग्लंडमधल्या एका मोठ्या प्रयोगात तिसऱ्या महिन्यापासून वरचं खाणाऱ्या बाळांची रात्रीची झोप थोडी वाढलेली दिसली, हे मी लपवणार नाही. ती वाढ रात्रीला सुमारे पाव तासाची होती. पाव तासासाठी सहा महिन्यांचं निव्वळ आईचं दूध सोडावं, असं मला वाटत नाही. शिवाय रात्रीचं पाजणं आईचं दूध टिकवून ठेवतं, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. "रात्रीचं तोडा, दिवसाचं वाढेल," हा सल्ला निदान पहिल्या महिन्यांत उलटा आहे.

इथवर मी ज्या समजुती सांगितल्या त्यांनी त्रास होतो. पुढच्या दोन गोष्टी जिवाशी आल्या होत्या, म्हणून त्यांना जास्त वेळ देते.

पहिली आपल्या मुंबईची. गिरणगावातली खोली दहा बाय दहाची, त्यात बिऱ्हाडं कधी एक तर कधी दोन. बाई गिरणीत जाई ती दहा-अकरा तास. मागे तान्हं मूल एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीकडे किंवा सातआठ वर्षांच्या बहिणीकडे. ते मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला बाळागोळी देत. नाव किती प्रेमळ आहे पाहा. आत अफू होती. १९२२ साली मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा या बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते असं आढळलं. अफूने बाळ झोपतं, कारण श्वास मंदावतो आणि भूक मरते. दूध मागायला ते उठत नाही, मागत नाही म्हणून मिळत नाही, आणि आईचं दूध आटतं. सिस्टरबाईंच्या त्या चार दिवसांच्या "गुणी" बाळासारखी गुणी बाळं चाळीचाळीतून झोपली होती. विलायतेत आणि अमेरिकेत वेगळं चालत नव्हतं. तिकडे मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप या नावाने बाळांना मॉर्फिन पाजलं जाई आणि त्याच्या जाहिरातीत आईच्या मांडीवरचं गोजिरवाणं मूल असे.

त्या बायकांना मी दोष देत नाही, देऊ शकत नाही. त्यांना मूल मारायचं नव्हतं. भोंगा वाजला की फाटक गाठायचं होतं. म्हणून यावरचा उपाय कुण्या वैद्याच्या हाती नव्हता. १९२४ मध्ये कामगार नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात अशाच विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. बाळाच्या झोपेचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात हा कायदा पहिल्या प्रकरणात यायला हवा.

बाळागोळी गेली, पण तिचा मोह गेलेला नाही. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत जायफळाचा एखादा वेढा जास्त पडतो, कारण "झोप चांगली लागते". जायफळ जास्त झालं तर ते विषच. बाळगुटी म्हणजे बाळागोळी नव्हे, हे मला ठाऊक आहे, आणि गुटीमागची मायाही ठाऊक आहे. तरी सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, यात गुटीही आली. शहरात हेच काम सर्दीच्या औषधाने होतं. प्रवासात बाळ झोपावं म्हणून दोन थेंब. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तो इशारा वाचत चला.

दुसरी गोष्ट बाळाला कसं निजवायचं याची, आणि इथे चूक अडाण्यांची नव्हती. आमची होती, डॉक्टरांची. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य पुस्तकं सांगू लागली की बाळाला पालथं निजवा. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक जगभर घरोघरी होतं. १९५० च्या दशकात त्याच्या नव्या आवृत्तीत हाच सल्ला आला. युक्तिवाद सोपा होता: उताण्या बाळाने दूध टाकलं तर ते श्वासनलिकेत जाईल. शिवाय पालथं बाळ जास्त वेळ आणि गाढ झोपायचं, आईबाप खूश असायचे. मी शिकत होते तेव्हा तीच पुस्तकं आमच्या टेबलावर होती. मी स्वतः काही आयांना बाळ पालथं घालायला सांगितलं आहे. त्यांचे चेहरे मला आठवतात.

युक्तिवाद शरीररचनेच्याच विरुद्ध होता. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. टाकलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायचं तर चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात हे उलटं होतं, दूध उतारानेच श्वासनलिकेच्या तोंडाशी येतं. आणि ज्या गाढ झोपेवर आम्ही खूश होतो तीच घातक ठरत होती. श्वास कोंडला, नाकापुढची हवा शिळी झाली, तर निरोगी बाळाला जाग येते आणि ते मान फिरवतं. पालथ्या बाळाला ती जाग सहजी येत नाही.

रात्री ठणठणीत झोपवलेलं बाळ सकाळी पाळण्यात निष्प्राण सापडण्याचं प्रमाण पश्चिमेत वाढत गेलं. १९८५ मध्ये डेव्हिड डेव्हिस यांनी हाँगकाँगमधून लिहिलं की इथे असे मृत्यू फारच विरळ आहेत आणि इथल्या आया बाळांना उताणं निजवतात. नेदरलँड्समध्ये, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात, न्यूझीलंडमध्ये, ऑस्ट्रेलियात पुरावा साचत गेला. १९९१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये "बाळाला पाठीवर निजवा" ही मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेत १९९४ नंतर तेच घडलं. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी मागे वळून हिशेब मांडला: पुरेसा पुरावा १९७० सालीच हाताशी होता. तेव्हाच तो कुणी एकत्र पाहिला असता तर ब्रिटनमध्ये १० हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५० हजार बाळं वाचली असती.

हा आकडा मी दरवर्षी नव्या परिचारिकांना फळ्यावर लिहून दाखवते. आपल्या आज्या बाळाला पाळण्यात उताणंच ठेवत होत्या. आम्ही त्यांना मागासलेलं म्हटलं होतं.

म्हणून पहिलं वर्षभर दिवसा आणि रात्री बाळाला पाठीवर निजवायचं. कुशीवरही नको, कारण कुशीवरून ते पालथं होतं. पुढे स्वतःहून दोन्ही बाजूंना वळता येऊ लागल्यावर झोपेत वळलं तर वळू द्यावं. पालथं घालणं हवंच, पण ते जागेपणी आणि डोळ्यांदेखत. त्याने मान धरते.

राईच्या उशीबद्दल नेहमी विचारतात. डोकं गोल होण्यासाठी झोपेत उशीची गरज नसते. जागेपणी पोटावर घालणं आणि निजवताना मान कधी उजवीकडे, कधी डावीकडे ठेवणं पुरतं. मऊ गादी, उशा, लोड, कापसाची दुलई, चेहऱ्यापर्यंत ओढलेली गोधडी, यातलं काहीही बाळाच्या श्वासाच्या वाटेत नको. दुपट्यात गुंडाळायचं तर हात गुंडाळा, पण पाय सरळ करून आवळू नका, खुब्याचा सांधा निखळू शकतो. आणि वळण्याचा पहिला प्रयत्न दिसला की गुंडाळणं बंद.

परंपरेचं सगळंच मोडीत काढायला मी उभी नाही. बाळ हलवून झोपवणं वाईट सवय आहे, असं नव्या पुस्तकांत वाचून आलेल्या आईबापांना मी जपानच्या रिकेन संस्थेतलं काम सांगते. कुमी कुरोदा आणि त्यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की बाळाला उचलून चालू लागलं की त्याचं रडणं ओसरतं आणि हृदयाचे ठोके लगेच उतरतात. मांजरी पिल्लू तोंडात धरते तेव्हा ते जसं निपचित होतं, तीच ही जुनी यंत्रणा. २०२२ मध्ये त्याच गटाने पद्धतही सांगितली: पाच मिनिटं उचलून चाला, मग पाच ते आठ मिनिटं घेऊन शांत बसा, मग खाली ठेवा. पाळणा आणि खांद्यावरची थोपटणी यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, पण मिळाली ते बरं झालं. फक्त साडीच्या झोळीत बाळाला रात्रभर ठेवू नका. त्यात पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते.

बाळ आईच्या कुशीत झोपावं की वेगळं? न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणाला जाऊन आलेल्या आज्या मला दुखावलेल्या स्वरात सांगतात, "एवढंसं पोर, त्याला वेगळी खोली." अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनादेखील निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत असावं असं म्हणते, मात्र वेगळ्या अंथरुणावर. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात हेलन बॉल यांनी रात्री चित्रण करून दाखवलं की अंगावर पाजणारी आई झोपेतही गुडघे मुडपून, हात बाळाच्या डोक्याच्या वर ठेवून त्याच्याभोवती कोट करते. माझं मत असं: आपल्याकडे कुशीत झोपणं थांबणार नाही, म्हणून ते सुरक्षित करू या. जमिनीवर कडक गादी, बाळाजवळ उशी-पांघरूण नाही, त्या अंथरुणात विडी-सिगारेट ओढणारं, दारू प्यालेलं किंवा झोपेचं औषध घेतलेलं कुणी नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर वेगळं अंथरूण, अगदी हाताच्या अंतरावर. आणि सोफ्यावर बाळाला घेऊन कधीही डुलकी घेऊ नका. त्यासारखी धोक्याची जागा नाही.

संध्याकाळी सात वाजता बाळ झोपलंच पाहिजे, अशी धास्ती घेतलेले पुण्या-मुंबईचे तरुण आईबाप हल्ली भेटतात. सतरा देश-प्रदेशांतल्या २९ हजारांवर मुलांच्या २०१० च्या पाहणीत न्यूझीलंडची बाळं साडेसातच्या सुमारास झोपत होती आणि हाँगकाँगची सव्वादहानंतर. त्या पाहणीत भारतही होता. रात्री आठला बाप घरी येतो, त्याला बाळ हसताना दिसायला हवं. घड्याळ थोडं सरकलं म्हणून काही बिघडत नाही. "रडू द्या, आपोआप झोपेल," या सल्ल्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. पहिल्या सहा महिन्यांत तो पाळू नका. त्यानंतर हळूहळू सवय लावण्याच्या पद्धतींनी मुलांचं नुकसान झाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पाच वर्षांनंतरही दिसलं नाही, त्यामुळे थकून गेलेल्या एखाद्या घराने तो मार्ग धरला तर मी त्यांना अपराधी वाटू देत नाही.

घोरणारं बाळ, झोपेत श्वास बराच वेळ थांबणारं किंवा निळं पडणारं बाळ, वजन न वाढणारं बाळ आणि पहिल्या आठवड्यांत दुधाला न उठणारं बाळ, एवढ्यांना विनाविलंब दाखवायला आणा. बाकीच्या बहुतेक रात्री बाळाच्या नसतात, आईच्या असतात. बाळ तुकड्यातुकड्यांनी झोपूनही आपले पंधरा तास भरून काढतं. आईचे भरत नाहीत. दोन आठवडे उलटून गेल्यावरही बाळ झोपलेलं असताना तिला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळ नकोसं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं आहे. पण शेतावर आणि बांधकामावर जाणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या दारी हे कागद पोचत नाहीत, आणि त्यांच्या बाळांना दिवसा झोपवून ठेवण्याची निकड गिरणगावाइतकीच जुनी आहे.

सिस्टरबाईंच्या सवयीतली एक सवय मी उचलली. त्या बाळंतिणीला बाळाच्या झोपेबद्दल विचारत नसत. त्या विचारत, "रात्री तुझ्याबरोबर कोण उठतं?" उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, "कुणी नाही." मग त्या नवऱ्याला, सासूला, कधी दिराला आत बोलावून ढेकर कसा काढायचा, दुपटं कसं बदलायचं ते हाताला हात लावून शिकवत.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. बाळ रात्री तीनदा उठत होतं, आणि आई मात्र टवटवीत होती. मी तो प्रश्न विचारला. तिने मागे बसलेल्या सासऱ्यांकडे बोट दाखवलं. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी उमर मुक्कामाच्या आणि रातराणीच्या गाड्या चालवण्यात गेलेली. बाळ अंगावर पिऊन झालं की सून ते त्यांच्या हाती द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. ते ढेकर काढायचे, दुपटं बदलायचे, ओटीवर फेऱ्या मारायचे, मग बसून राहायचे, आणि बाळ पुन्हा भुकेलं की तिला उठवायचे. मी विचारलं, "आजोबा, रोज जमतं?"

ते म्हणाले, "दोन ते चार मला तशीही झोप नाही लागत. चाळीस वर्षं त्या वेळेला घाटात असायचो."